'सवलत', 'समायोजन' की 'सोय'?

प्रश्न असा आला आहे : एका कंपनीच्या नोकरभरतीच्या जाहिरातीचा मराठी मसुदा तपासताना 'दिव्यांग उमेदवारांना वाजवी निवासव्यवस्था पुरविण्यात येईल' असे वाक्य आढळले. मूळ इंग्रजीत 'रीझनेबल अकॉमोडेशन' होते. एका सहकाऱ्याने त्याजागी 'सवलत' सुचवले, दुसऱ्याने 'वाजवी समायोजन'. यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि मुळात 'दिव्यांग' म्हणावे की 'अपंग'?

'निवासव्यवस्था' ही उघड चूक आहे. उरलेल्या दोन शब्दांकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण ते चुकीचे वाटत नाहीत आणि म्हणूनच जाहिरातींतून सहज पुढे जातात.

आधी संकल्पना पाहू. 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात ती नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात ती होती, भारताने तो 2007 मध्ये मान्य केला, आणि त्यातून आलेल्या 2016 च्या कायद्याने तिची व्याख्या केली. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून, दुसऱ्या पक्षावर अवाजवी बोजा न टाकता केलेले आवश्यक आणि योग्य असे फेरफार, असा त्या व्याख्येचा आशय आहे. शब्दनिवडीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट त्याच कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत आहे : असे फेरफार नाकारणे हाही भेदभावच, असे ती सांगते. म्हणजे आपल्याला जो शब्द हवा आहे, तो देणाऱ्याचा मोठेपणा सुचवणारा असून चालणार नाही.

'सवलत' इथेच अडखळतो. हा शब्द अरबी 'सहूलत'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ सुलभता असा आहे. हिंदीत 'सहूलियत' म्हटले की आजही सोय, सुविधा हाच अर्थ निघतो. मराठीत मात्र त्याचा अर्थ आक्रसला. एसटीच्या तिकिटात सवलत, फीमध्ये सवलत, वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत, असे आपण म्हणतो तेव्हा एक ठरलेला नियम असतो आणि तो कोणासाठी तरी सैल केलेला असतो. नोकरीच्या जाहिरातीत 'सवलत' वाचणाऱ्याला, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही, या उमेदवाराकडून कमी अपेक्षा ठेवायची आहे असे वाटते. प्रत्यक्षात दृष्टिहीन लेखापालाच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली बसवली, तर ताळेबंद इतरांइतकाच बिनचूक असण्याची अपेक्षा कायम राहते. तिथे सवलत कसलीच दिलेली नाही. बाकीच्या लेखापालांना पुरेसा उजेड आणि पडदा दिला, तसे यांना आवाज दिला, इतकेच.

'समायोजन' व्याकरणाने निर्दोष आहे आणि कायद्याच्या भाषेला शोभतोही, पण महाराष्ट्रात त्याला एक वेगळाच अर्थ चिकटला आहे. वर्तमानपत्रांत हा शब्द वर्षानुवर्षे 'अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन' अशाच मथळ्यांतून येतो, आणि तिथे त्याचा अर्थ एका शाळेत जास्त ठरलेल्या माणसाला दुसरीकडे कुठेतरी सामावून घेणे असा असतो. 'आपले वाजवी समायोजन करण्यात येईल' हे वाचून उमेदवाराला धास्ती वाटली, तर तो त्याचा दोष म्हणता येणार नाही.

माझे मत 'सोय' या शब्दाला आहे. तो रोजचा आहे, घरातला आहे, आणि त्यात समोरच्या माणसाची नेमकी गरज ओळखणे अध्याहृत आहे. 'सोय जाणे तो सोयरा' ही म्हण हेच सांगते : आपली अडचण न सांगता ज्याला कळते तो आपला. कायद्याच्या कल्पनेतही सोय व्यक्तिगणिक वेगळी असते. एका कर्णबधिर उमेदवाराला मुलाखतीत सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल, दुसऱ्याला प्रश्न लेखी मिळाले तरी पुरेल. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला, तो 40 टक्क्यांच्या प्रमाणित अपंगत्वाची अट त्या सोयीसाठी लावता येणार नाही असे सांगूनच. 'सोय'ला टक्केवारीचा मापदंड लागत नाही, 'सवलती'ला बहुतेक वेळा लागतो.

क्रियापदही जपून घ्यावे. 'सोय करणे' ठीक आहे. 'सोय लावणे' म्हटले की कोणाला तरी कुठेतरी बसवून मोकळे होण्याची छटा येते. विशेषण म्हणून 'वाजवी' मला चालते. 'वाजवी दर'मुळे त्याला स्वस्ताईचा वास येतो हे खरे, पण व्याख्येतल्या 'अवाजवी बोजा'शी त्याची जोडी नीट जुळते. म्हणून कायदेशीर मजकुरात 'वाजवी सोय' आणि जाहिरातीत सरळ 'आवश्यक ती सोय' असे मी सुचवेन.

याच कुळातल्या आणखी एका शब्दाविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. आपल्या लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत परीक्षेतल्या जादा वेळेला 'अनुग्रह कालावधी' म्हणतात. अनुग्रह गुरू शिष्यावर करतो, आणि 'सानुग्रह अनुदान' म्हणजे देणे बंधनकारक नसताना दिलेली रक्कम. लेखनिकाला मजकूर सांगण्यात, ब्रेल वाचण्यात जो वेळ जातो तो परीक्षार्थीला परत मिळतो, तासाला किमान 20 मिनिटे. ही भरपाई आहे. 'भरपाई वेळ' हा साधा शब्द उपलब्ध असताना हक्काच्या मिनिटांना कृपेचे नाव देऊ नये.

आता 'दिव्यांग'. पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये हा शब्द सुचवला आणि तो सरकारी वापरात रुळला. महाराष्ट्राच्या खात्याचे नावही आता दिव्यांग कल्याण विभाग असे आहे. मराठीत 'दिव्य' म्हणजे अलौकिक, तसेच 'अग्निदिव्य'मधली कठोर परीक्षाही. पायऱ्या चढून मुलाखतीला जावे लागणाऱ्या माणसाला दुसरा अर्थच अधिक ओळखीचा असावा. शरीराला दैवी म्हणून गौरवणे अनेकांना आवडत नाही, 'अपंग' अनेकांना टोचतो, आणि दोन्ही भावना खऱ्या आहेत. जाहिरातीपुरते 'दिव्यांग' ठेवावे, कारण शासकीय कागदपत्रांत आणि भरतीच्या जाहिरातींत उमेदवाराला तोच शब्द भेटतो. व्यक्तीशी बोलताना तिला विचारावे आणि ती म्हणेल ते म्हणावे.

मसुद्यातले वाक्य मी असे लिहीन : 'अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत किंवा प्रत्यक्ष काम यांसाठी आपल्याला कोणती सोय लागेल ते कळवावे. ती करून देण्याची जबाबदारी कंपनीची राहील, आणि त्याचा निवडीवर परिणाम होणार नाही.' मसुद्यात पुढे आलेला 'मूकबधिर' काढून 'कर्णबधिर' करावे, कारण ऐकू न येणाऱ्या माणसाला बोलता येतच नाही असे गृहीत धरणे चूक आहे. आणि संपर्कासाठी तिथे फक्त दूरध्वनी क्रमांक दिला आहे, त्याशेजारी ईमेलचा पत्ताही द्यावा.