तज्ज्ञ नसलेल्या केंद्रात नैराश्यावर उपचार

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ नाही. तिथे नैराश्यावर खरेच उपचार होतात, की हे फक्त कागदावरचे?
– आरोग्यसेविका, सिंधुदुर्ग

उत्तर : होतात, आणि त्याचा भक्कम पुरावा तुमच्या शेजारीच, गोव्यात आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगथ’ संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. नैराश्य मोजणाऱ्या, नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ चाचणीत (गुण जास्त म्हणजे नैराश्य जास्त) २७ पैकी १५ किंवा जास्त गुण असलेलेच रुग्ण घेतले होते. सगळ्यांच्याच डॉक्टरांना ते गुण कळवले, उपचारांची मार्गदर्शिकाही दिली. निम्म्या रुग्णांना त्याखेरीज समुपदेशनाच्या ६ ते ८ बैठका मिळाल्या, साधारण आठवड्याला एक, ३० ते ४० मिनिटांची. समुपदेशक तिथलेच, मानसोपचाराची पदवी नसलेले, पण या कामासाठी तयार केलेले. तीन महिन्यांनी गुण १०च्या खाली आलेले रुग्ण बैठकांच्या गटात ६४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३९.

हे ३९ नीट पाहा. निदान झाले, डॉक्टरांना कळले, तरी एवढेच. ओपीडीत चाचणी भरून कागद फाइलला लावला म्हणजे उपचार झाला असे नव्हे.

बैठकीत करायचे काय? ‘मनाला उभारी आली की कामाला लागेन’ हा क्रम उलटा करायचा. दिवसभर पडून असलेल्या बाईला ‘मन रमवा’ म्हणून काही होत नाही. उद्या सकाळी चहानंतर शेजारणीकडे दहा मिनिटे, असे वेळ-ठिकाणासह ठरवून लिहून द्यायचे. पुढच्या भेटीत विचारायचे, गेलात का, जाऊन आल्यावर कसे वाटले? जमले नसेल तर बोल लावायचा नाही, काम आणखी लहान करायचे. गोव्यात बैठकांची ध्वनिमुद्रणे समुपदेशक एकत्र ऐकून एकमेकांना गुण देत. आमच्या मते ही देखरेख सुटली की समुपदेशनाचा उपदेश व्हायला वेळ लागत नाही.

एक पुस्ती : याच संस्थेच्या आधीच्या ‘मानस’ अभ्यासात (२०१०) अशाच समुपदेशकांच्या मदतीचा फरक सरकारी केंद्रांत स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही.

प्रश्न : फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी सुरू करून दहा दिवस झाले. मळमळ वाढली, मन तसेच. बंद करू का?

उत्तर : स्वतःहून नको. मळमळ, अस्वस्थता पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते आणि बहुधा ओसरते. फायदा दिसायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, आणि नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण गोळी सोडतात. ती सकाळी, खाऊन घ्या. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवावी लागते. मात्र पूर्वी कधी झोप न घेताही अंगात भलताच उत्साह, सलग काही दिवस वारेमाप बोलणे-खर्च असे झाले असेल, किंवा आता बेचैनी फार वाढली, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर आजच डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : रुग्णाचे पीएचक्यू-९ चे गुण १२च आहेत, पण नवव्या प्रश्नाला उत्तर ‘काही दिवस’. थांबून पाहावे का?

उत्तर : नाही. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे बेरीज बाजूला ठेवा. ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवले आहे का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बेत ठरला असेल तर एकटे सोडू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या आणि घरातले कीटकनाशक नातेवाइकांना बाहेर हलवायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.