अंगणाला सिमेंटचं झाकण नको

प्रश्न : मागच्या अंगणात पावसाचं पाणी साचतं. कंत्राटदार म्हणतो, सगळं काँक्रीट करून टाका. जुन्या फरशीचे तुकडेही तो उचलून नेणार आहे. काय करावं?

उत्तर : त्या तुकड्यांना आधी हात लावू देऊ नका! राडारोडा म्हणून फेकायला निघालात, त्यातच तुमची पायवाट आहे. काँक्रीटने पाणी जिरत नाही, फक्त वाहून दुसरीकडे जातं. १०० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. ते शेजाऱ्याच्या भिंतीशी साचलं तर भांडण ठरलेलंच.

आधी जमीन तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर माती बहुधा चिकण आहे. मग घरापासून दूर, मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार द्या आणि तळाशी झाडं लावण्यासाठी उथळ खोलगट जागा ठेवा. तिथे अधूनमधून ओल सोसणारी झाडंच टिकतील.

पायवाटेसाठी वीतभर खोदा. खाली खडी धुमसून बसवा, वर भरड वाळूचा पातळ थर, त्यावर तुकडे सपाट बाजू वर करून. फटींत वाळू किंवा बारीक खडीच भरा. तिथे सिमेंट घातलंत तर सगळी मेहनत पाण्यात. कडेला विटा रोवा, नाहीतर तुकडे सरकतात.

वाळका पाला जाळू नका, वाफ्यांत पाच-सात सेंटिमीटर पसरा, मात्र खोडाला चिकटवू नका.