छत्तीस गुण आणि छत्तीसचा आकडा

मैत्रिणीचा प्रश्न: पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तर पेढे वाटतात, मग न पटणाऱ्यांमध्ये ‘छत्तीसचा आकडा’ कसा?

उत्तर शेवटच्या शब्दात आहे. इथे आकडा म्हणजे कागदावर लिहिलेला अंक. (काहीजण ‘छत्तीसचा आखाडा’ म्हणतात. ऐकायला झकास, पण चूक.) ३६ लिहून बघा. ३चं तोंड डावीकडे, ६चं उजवीकडे, दोघांची पाठीला पाठ. म्हणजे छत्तीस या संख्येचा यात काहीच दोष नाही, भांडण सगळं देवनागरीतलं. आता ६३ लिहा, दोघे समोरासमोर येतात.

म्हणूनच रोज कडाकडा भांडणाऱ्या जावांना हा वाक्प्रचार लावलेला मला खटकतो. भांडायला तोंडाला तोंड लागतं. छत्तीसचा आकडा म्हणजे एक ओसरीवर आली की दुसरीने आत निघून जायचं.

गुणांचे छत्तीस मात्र बेरजेतून येतात. अष्टकूटात, म्हणजे पत्रिका जुळवायच्या आठ कसोट्यांत, वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८. बेरीज ३६. म्हणून एकनाडी (दोघांची नाडी एकच) निघाली की एकदम आठ गुण जातात आणि मध्यस्थाचा चेहरा पडतो. निदान १८ तरी हवेत म्हणतात, म्हणजे बरोबर निम्मे. आता पुन्हा ३६कडे. १ ते ८ केली तशी एकापासून ओळीने बेरीज करून जी संख्या मिळते, तिला त्रिकोणी संख्या म्हणतात. ३६ त्रिकोणी तर आहेच, शिवाय सहाचा वर्गही आहे. अशा दोन्ही घरच्या संख्या फार विरळा: १ नंतर ३६, आणि त्यानंतर थेट १२२५.

शब्दातही एक गंमत आहे. संस्कृत षट्त्रिंशत् वरून छत्तीस आला, त्यात सहा आधी आणि तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. बोलणं आणि लिहिणं यांचंही इथे पटत नाही!

आणखी एक करून बघा. पातळ कागदावर ठसठशीत ३६ काढा, कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटवा आणि उजेडावर धरा. शेपट्यांचा किरकोळ फरक सोडला, तर मागूनही ३६च दिसतात.