बागेतल्या तळ्याचं पाणी रोज दोन बोटं कमी होतंय, धबधबा फोडून नवा करावा लागेल का?

नाही, फोडू नका, आधी पंप बंद करा, वरचं पाणी खाली उतरू द्या आणि मग लेव्हलला मार्करने खूण करून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पाणी खुणेवरच असेल तर तळं ठणठणीत आहे आणि गळती धबधब्यात किंवा पाइपात आहे. अशा दुरुस्त्या करताना मला फाटलेला लायनर (पाणी मुरू नये म्हणून खाली अंथरलेलं प्लास्टिक किंवा रबरी शीट) क्वचितच सापडतो, बहुतेक वेळा माती खचून लायनरची कड खाली बसलेली असते किंवा दगडावरून उडालेलं पाणी बाहेर जातं, ती जागा भर उन्हातही ओली नि शेवाळलेली दिसते. तिथले दगड काढा, लायनरखाली माती ठोकून कड चार बोटं वर घ्या, फटीत पाँडसाठीचा काळा फोम भरा (खिडकीला मारतात तो नको).

सिमेंटचा धबधबा असेल तर तडा थोडा खोदून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरावं लागेल, पण तळ्यात मासे असतील तर घाई नको, नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि पीएच (पाण्याचा क्षारपणा) चढतो, आठवडाभर क्युरिंग करा (म्हणजे ओलं ठेवून मुरू द्या), मग धबधबा धुऊन ते पाणी तळ्यात जाऊ न देता बाहेर काढा आणि मगच पंप लावा.