सवत, सहपत्नी की मावशी?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या, मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथातल्या एका बाईच्या आठवणी मराठीत आणायच्या आहेत. नवऱ्याला आणखी दोन बायका. ही त्यांना 'सिस्टर वाइफ' म्हणते, मुलं त्यांना 'आंट' म्हणतात. 'सवत' लिहिलं की प्रत्येक वाक्य भांडायला उठल्यासारखं वाटतं, आणि 'सहपत्नी' लिहिलं की सरकारी परिपत्रक. मग लिहायचं काय?

आधी 'सवत' या शब्दाची बाजू घेतो, कारण नात्याचं नाव म्हणून तो अगदी बरोबर आहे. संस्कृत 'सपत्नी' म्हणजे जिचा नवरा तोच आहे अशी दुसरी बाई. अर्थ एवढाच. वैर व्युत्पत्तीत नाही, ते वापरातून चिकटलं. पण चिकटलं फार लवकर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१४५) सवतीला हटवण्यासाठी वनस्पती खणून काढण्याचं सूक्त आहे. आणि गंमत म्हणजे 'शत्रू' या अर्थाचा 'सपत्न' हा पुल्लिंगी शब्द 'सपत्नी'वरूनच मागाहून तयार झाला. रणांगणावरच्या वैऱ्याला नाव मिळालं ते माजघरातल्या नात्यावरून! मराठीनं हा वारसा जपला. निधी कमी मिळाला की आजही 'सापत्न वागणूक' अशी ओरड होते, आणि 'नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे' ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. महालक्ष्मीच्या कहाणीत पाटमाधवराणी आवडती आणि चिमादेवराणी नावडती, म्हणजे तिथेही दोन राण्यांना एकमेकींशिवाय ओळख नाहीच.

आता तिकडचा शब्द. 'सिस्टर वाइफ'मधल्या 'सिस्टर'ला मराठी वाचक लगेच बहिणीची माया जोडेल. ती जोडण्याआधी थोडं थांबावं. या पंथात प्रत्येक बाई 'सिस्टर' आणि प्रत्येक पुरुष 'ब्रदर' असतो. सिस्टर स्नो, ब्रदर यंग अशी सरसकट हाक. त्यामुळे 'सिस्टर'मध्ये जिव्हाळा असेलच असं नाही, नुसती पंथाची रीतही असू शकते. 'भगिनीपत्नी' किंवा 'बहीणसवत' असे शब्द घडवायच्या भानगडीत म्हणूनच पडू नये. पहिल्यातून भलताच अर्थ निघतो. दुसरा वाचून लोक हसतील.

माझं मत: एकच प्रतिशब्द धरून पुस्तकभर चालवूच नका. निवेदनात एक शब्द, हाक मारताना दुसरा, आणि तोही माणूस बघून.

पॅटी सेशन्स घ्या. १७९५ मध्ये मेन राज्यात जन्मलेली सुईण, आयुष्यात जवळपास चार हजार बाळंतपणं केलेली. तिच्या नवऱ्यानं, डेव्हिडनं, पन्नाशीतल्या या बायकोवर रोझिला आणली. १८४६ मध्ये इलिनॉयमधलं नॉव्हू सोडून सगळे पश्चिमेला निघाले. वाटेवरच्या पॅटीच्या डायरीत गाडी, पाऊस, कुणाचं बाळंतपण यांच्या मधेमधे रोझिलाच्या नोंदी येतात: ती कामाला हात लावत नाही, आणि नवरा तिकडे झुकतो याचं दुःख. शेवटी त्या हिवाळ्यात रोझिला नॉव्हूला परत गेली. पुढच्या वर्षी पॅटी स्वतः चार बैलांची गाडी हाकत सॉल्ट लेक खोऱ्यात पोचली. इथे 'सवत' लिहायला कचरू नका. यापेक्षा नेमका शब्द जगात कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला इलायझा स्नो. कवयित्री, आधी पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची आणि त्यांच्या हत्येनंतर पंथाचे पुढचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांची पत्नी. मूलबाळ नाही. यंगनी सॉल्ट लेक सिटीत १८५६ मध्ये बांधलेल्या 'लायन हाउस'मध्ये तिची एक खोली होती. त्या घरातल्या पोरासोरांची ती 'आंट इलायझा', आणि हळूहळू साऱ्या यूटाची. तिला 'सवत इलायझा' म्हणायचं? कुणाची? यंगना पन्नासवर बायका होत्या.

(यावरून एक सांगून ठेवतो. यंग हा नमुना नव्हे. अनेक बायका असलेल्या मॉर्मन पुरुषांपैकी बहुतेकांच्या बायका दोनच असत. प्रस्तावना लिहाल तर हे जरूर घाला, नाहीतर वाचक प्रत्येक घरात जनानखाना शोधत बसेल.)

'आंट'चं उत्तर सोपं आहे: मावशी. इंग्रजीत एक शब्द, आपल्याकडे चार. त्यातले तीन इथे चुकीचे. 'आत्या' लिहिलंत तर बापाची बहीणच बायको होऊन बसेल. 'काकू' आणि 'मामी' यांचे नवरे निराळे. 'मावशी' मात्र आपल्याकडे सावत्र आईलाही म्हणतात, शिवाय 'माय मरो, मावशी उरो' या म्हणीत आईच्या जागी उभी राहणारी बाई तीच. मॉर्मन घरांत तर ती पुष्कळदा खरीखुरी मावशी असे, कारण सख्ख्या बहिणी एकाच घरात दिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ल्यूसी आणि क्लॅरा डेकर या दोघी बहिणी ब्रिगहॅम यंगच्या बायका. त्यांची आई हॅरिएट हिनं दुसरं लग्न केलं ते ब्रिगहॅमच्या भावाशी, लोरेन्झोशी. म्हणजे ती आपल्या लेकींची जाऊसुद्धा झाली! १८४७ मध्ये खोऱ्यात शिरलेल्या पहिल्या तुकडीत तीनच बायका होत्या, त्यांतल्या दोघी याच मायलेकी-जावा, हॅरिएट आणि क्लॅरा. इंग्रजी वाचकाला हे समजायला वंशवृक्ष काढावा लागतो. मराठीत 'जाऊ' म्हटलं की काम झालं.

लग्नासाठी कोणता वाक्प्रचार, हेही विचारलं आहे. 'दुसरेपणावर दिली' नको. त्यात पहिली वारलेली असते. पहिली जिवंत असताना मुलगी देणं याला आपल्याकडे 'सवतीवर देणं' म्हणतात, तो इथे बसतो. फरक एकच. मॉर्मन विधीत पहिली बायको स्वतः उभी राहून नव्या मुलीचा हात नवऱ्याच्या हातात देत असे. दाखला बायबलमधला, सारानं आपली दासी हागार नवऱ्याकडे, अब्राहामाकडे सोपवल्याचा. ॲनी क्लार्क टॅनर १८८३ मध्ये अशी सवतीवर गेली, आणि लग्नाच्या संध्याकाळी माहेरीच परतून दूध-पाव खाताना तिच्या मनात आलं, हेच आपलं लग्नाचं जेवण. थोरलीला ती 'आंट जेनी' म्हणते. इथे मी 'जेनीताई' करीन. सवतीनं सवतीला 'मावशी' म्हटलेलं मराठी कानाला पटणार नाही. 'ताई' किंवा 'थोरल्या बाई' पटेल.

'प्लूरल वाइफ' हा शब्दही जपून हाताळा. त्यात सहसा पहिली धरत नाहीत. कायद्याच्या नजरेत बायको ती एकटी, नंतरच्या सगळ्या 'प्लूरल'. म्हणून 'अनेक बायकांपैकी एक' असं सरसकट लिहिलं तर बाईचं घरातलं स्थानच पुसलं जाईल. 'नंतरची बायको' किंवा सरळ 'धाकटी' लिहा.

प्रथेचं नाव काय घ्यायचं हे बोलणारा कोण त्यावर ठरेल. बाहेरचे लोक आणि न्यायालयं 'पॉलिगमी' म्हणत, तिथे 'बहुपत्नीत्व'. (कायदेशीर मराठीत 'द्विभार्या'ही आहे. १९४६ च्या मुंबईच्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्यावर उच्च न्यायालयात वाद झाला, तेव्हा १९५१ च्या निकालात मुख्य न्यायाधीश छागलांनी मॉर्मनांच्याच एका अमेरिकन खटल्याचा आधार घेतला होता.) या बायका मात्र 'द प्रिन्सिपल' म्हणत. याला 'व्रत' म्हणावं असा मोह मलाही झाला, पण व्रताला उद्यापन असतं. 'तत्त्व' कोरडं वाटलं तरी तेच ठेवा. त्या कोरडेपणामागे काय दडलंय ते मजकूर सांगेलच. एमेलिन वेल्स ही डॅनियल वेल्सची सातवी. 'वूमन्स एक्स्पोनंट' नियतकालिकाची ती अनेक वर्षं संपादक होती आणि त्यातून या तत्त्वाची हिरिरीनं बाजू मांडायची. डायरीत तीच बाई नवऱ्याची वाट पाहताना दिसते. दोन्हीकडे एकच शब्द आला की ही फट वाचकाला आपोआप जाणवते.

'सीलिंग'चं, म्हणजे नवराबायकोला मृत्यूपलीकडेही जोडणाऱ्या विधीचं, भाषांतर 'जन्मोजन्मीची गाठ' करू नका. पुनर्जन्म त्यांच्या श्रद्धेत नाही; मृत्यूनंतर एकच अनंतकाळ आहे. 'अनंतकाळासाठी बांधली गेली' एवढं पुरे.

राहिला 'अंडरग्राउंड'. १८८२ च्या बहुपत्नीत्वाविरुद्धच्या एडमंड्स कायद्यानंतर धरपकड सुरू झाली. पुरुष लपले आणि गरोदर बायकाही, कारण पोट हाच पुरावा. नाव बदलून त्या या घरून त्या घरी फिरत. मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर, अँगस कॅननची चौथी बायको. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून ती तान्ही मुलगी घेऊन इंग्लंडला निघून गेली. (१८९६ मध्ये यूटाच्या सिनेटवर निवडून आली तीच. पडलेल्या उमेदवारांत नवराही होता.) यासाठी 'भूमिगत' अगदी चपखल. बेचाळीसच्या आठवणी ऐकलेल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

त्याच कायद्यातल्या 'बेकायदा सहवासा'च्या कलमाखाली हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. त्यांना बोलीत 'कोहॅब' म्हणत. हा शब्द तसाच ठेवून पहिल्या खेपेला अर्थ द्या. कोश बघून कुणी 'सहजीवन' सुचवेल, पण ते घेऊ नका. मराठीत तो शब्द लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या पत्रिकेत असतो.