‘जेवलीस का?’ म्हटलं की धडधड

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची, घर सांगलीला, पुण्यात पीजीत राहते. दोन वर्षं खाण्याचा नुसता घोळ झालाय, दिवसचे दिवस जेमतेम खाते, मग एका रात्री घरून आलेला चिवड्याचा डबा संपवते आणि उलटी. घरी म्हणतात पोरगी किती शांत! पण रात्री आईचा फोन आला, ‘जेवलीस का?’ म्हणाली की हात गार पडतात, छाती धडधडते आणि मी ‘हो गं, पोळी-भाजी’ म्हणून मोकळी. लहानपणी रडले की आई बोलायची नाही, त्याचा संबंध असेल का? की मीच नाटकी?

उत्तर: नाटकी कसली गं. पण आधी डॉक्टर, उलट्या होतायत तर याच आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम बघ आणि ईसीजी काढ, पोटॅशियम उतरलं की ठोके बिघडतात आणि वरून काही दिसत नाही, त्यामुळे धडधड मनाचीच असं इथे बसून मी तरी म्हणणार नाही.

आता आईचं. अमेरिकेत मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई वर्षभराच्या बाळांना बघायच्या, आई खोलीबाहेर गेली, परत आली की बाळ काय करतं. काही रडून आईला बिलगायची आणि शांत व्हायची. काही मात्र आईकडे बघायचीसुद्धा नाहीत, खेळण्यातच डोकं. किती गुणी बाळ वाटेल ना? पुढे अशा बाळांचे ठोके मोजले तर आत धावपळ चालूच होती. तुझं ‘शांत पोरगी’ वाचून मला तीच आठवली. खाण्याचा आजार असलेल्या बायकांमध्ये जवळच्या नात्यात असं धास्तावलेपण जास्त सापडतं हे खरं, पण म्हणून आजार आईनेच दिला असं होत नाही.

कारण उपाशी शरीर स्वतःच बिघडतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एका प्रयोगासाठी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, ते चिडचिडे झाले, डोक्यात दिवसभर जेवण, नाडी मंदावली, काहींनी तर चोरून बकाबका खाल्लं. त्यांच्या आयांचा काय दोष! त्यामुळे तुझ्यात आईचं किती, भुकेचं किती हे पोट नीट भरायला लागल्याशिवाय कळायचं नाही, आणि ते एकटीने जमत नाही, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघं लागतील. सुरुवातीला टेलिमानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोल, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि आईला दुसरं काही विचारता येत नसेल गं, आपल्याकडे माया ताटातूनच वाढतात. पुढच्या फोनला पोळी-भाजी नको, ‘आज नाही जमलं’ एवढंच म्हणून बघ. ती काय म्हणाली ते मला कळव.