दोन महिन्यांचे पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर सदनिका, पती-पत्नी दोघेही दिवसभर नोकरीवर, घरात सहा वर्षांची मुलगी आणि शेल्टरमधून दोन महिन्यांचे पिल्लू आणण्याची इच्छा, असे आपण लिहिले आहे. विकत न घेता दत्तक घेण्याचा आपला विचार मला मनापासून आवडला. मात्र आपल्या घरासाठी पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला गावठी कुत्रा अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढ्या लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते, दर दोन-तीन तासांनी शू करवावी लागते. शिवाय डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांच्या लसी साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालू असतात व तोवर इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या रस्त्यावर त्याला नेणे धोक्याचे असते. बंद घरात आठ-नऊ तास एकटे राहिलेले पिल्लू रडते, दिसेल ते कुरतडते, शेजारी तक्रार करू लागतात आणि अशी पिल्ले पुन्हा शेल्टरमध्ये येतात. मोठा कुत्रा लळा लावत नाही, हा समज खरा नाही. त्याचा आकार आणि स्वभाव आपल्यासमोर असतो, आणि बहुधा त्याचे निर्बीजीकरणही झालेले असते.

स्वभाव ओळखण्यासाठी मात्र पिंजऱ्याबाहेरून एकदा पाहणे पुरेसे नाही, कारण तेथील गोंगाटात शांत कुत्राही भुंकतो आणि खेळकर कुत्राही कोपऱ्यात अंग चोरून बसतो. मुलीला सोबत घेऊन, वेगवेगळ्या वेळी, किमान दोनदा जावे आणि त्याला पट्टा लावून बाहेर फिरवून पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला रोज खायला घालणाऱ्या कर्मचाऱ्याशी निवांत बोलावे. खाताना कोणी जवळ गेले तर तो गुरगुरतो का, पाय आणि कान हाताळू देतो का, लहान मुलांसमोर कसा वागतो, हे त्याच्याइतके नेमके कोणीही सांगू शकणार नाही.

रेबीजच्या लसीची तारीख, इतर लसी, जंतनाशक आणि निर्बीजीकरण यांची लेखी नोंद मागून घ्यावी. आपल्या भागात गोचीड ताप पुष्कळ आढळतो. त्यात रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि सुरुवातीला कुत्रा केवळ मलूल दिसतो, म्हणून घरी आणल्यावर लगेच पशुवैद्याकडून रक्ततपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

आणण्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी. दिवाळीचे फटाके आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेतील शोभेचे दारूकाम यांच्या तोंडावर नवखा कुत्रा आणू नये, कारण घाबरलेला कुत्रा दार उघडे दिसताच पळतो आणि त्याला परतीची वाट अजून ठाऊक नसते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत पहाटे किंवा रात्रीच फिरवावे आणि तत्पूर्वी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. हाताला चटका बसत असेल, तर त्याच्या पंजांनाही बसणारच.

पहिले काही दिवस शेल्टरमध्ये मिळत होते तेच अन्न द्यावे आणि हळूहळू बदलावे. भाकरी चालते, पण शेंगाचटणी लावलेली नको. तिच्यातील लसूण कुत्र्याला अपायकारक असतो. कांदा, मनुका आणि चॉकलेटही पूर्ण वर्ज्य. तो खात असताना किंवा झोपलेला असताना मुलीने त्याला हात लावू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. दात किंवा नख लागलेच, तर जखम साबण लावून १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

मांजराबद्दलही आपण विचारले आहे. दिवसभर घर रिकामे असेल, तर मोठे मांजर कुत्र्यापेक्षा सहज रुळते. मात्र गॅलरीला आणि खिडक्यांना आधी भक्कम जाळी बसवावी आणि माणसांची पॅरासिटामॉल त्याला कधीही देऊ नये, कारण ती त्याच्या जिवावर बेतते.

सोसायटीच्या बाबतीत, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सदनिका भाड्याची असेल, तर मात्र घरमालकाची संमती आधीच लेखी घ्यावी.